मुळी आणि गोळी
चिंताविकारावरच्या उपचारांचा एक हिशेब

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचा एक आग्रह होता. रुग्ण जे काही घेत असेल, मग ते वैद्यांनी दिलेलं असो, शेजारणीने सांगितलेलं असो की मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेलं असो, ते सगळं आधी टेबलावर आलं पाहिजे. निदान त्यानंतर. मी औषधशास्त्र शिकवतो. आज जे सांगणार आहे, तो त्या आग्रहाचाच विस्तार समजा.

विषय आहे चिंताविकार आणि त्यावरची औषधं. हा विषय निघाला की आपल्याकडे ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "डोक्याच्या गोळ्या नकोत, सवय लागते; त्यापेक्षा आयुर्वेदिक बरं, त्याला साइड इफेक्ट नसतो." दुसरा म्हणतो, "झाडपाला कशाला, विज्ञानाने दिलेली गोळी घ्या आणि मोकळे व्हा." दोन्ही वाक्यांत औषध कुठून आलं एवढंच पाहिलं जातं. माझं म्हणणं असं की, औषधाचं जन्मस्थान त्याची लायकी ठरवत नाही. मात्रा किती, कुणावर तपासलं, कुणाला देऊ नये, दुसऱ्या कोणत्या औषधाशी त्याचं पटत नाही आणि घेणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतंय, हे पाच प्रश्न ती ठरवतात. मुळीला आणि गोळीला हे पाचही प्रश्न सारख्याच कडकपणे विचारायला हवेत.

आधी विकार म्हणजे काय ते पाहू. मुलगी रात्री वेळेवर घरी आली नाही, पिकावर कीड पडली, नोकरी जाण्याची चिन्हं दिसली, की काळजी वाटणारच. ती वाटली नाही तरच नवल. पण कारण संपल्यावरही काळजी हटत नाही, एक मिटली की मन दुसरी शोधून काढतं, झोप उडते, मान-खांदे आखडतात, लहानसहान आवाजाने दचकायला होतं आणि हे महिनोन् महिने चालतं, तेव्हा तो आजार असतो. सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस असं होत असेल तर आम्ही त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतो. पॅनिकचा झटका वेगळा. बसमध्ये बसलेल्या धडधाकट माणसाची छाती अचानक धडधडू लागते, घसा आवळतो, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण जातो असं वाटतं. घरचे धावतपळत दवाखान्यात नेतात, ईसीजी नॉर्मल येतो, आणि कुणीतरी म्हणतं, "काही झालेलं नाही." त्या माणसाला काय झालंय हे त्याचं त्यालाच ठाऊक असतं.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. आजारागणिक फरक होता, पण उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के होतं. म्हणजे आपण मुळी की गोळी असा वाद घालत बसलो असताना बहुतेकांच्या हाती धड यांतलं काहीच पोचत नाही.

आता एका झाडाची गोष्ट सांगतो. चिंतेवरच्या औषधांचा निम्मा इतिहास या एका झाडात आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला.

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचं झुडूप. सह्याद्रीच्या ओलसर रानात ते आढळतं. लाल देठांवर पांढरी-गुलाबी फुलं येतात आणि मूळ विलक्षण कडू असतं. बिहारमध्ये या मुळीचं चूर्ण वेडावरचं औषध म्हणून बाजारात सर्रास विकलं जायचं. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, हे चूर्ण २० ते ३० ग्रेन दिवसातून दोनदा दिलं की उन्मादाचा जोर ओसरतो आणि रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून शुद्ध अल्कलॉइडं वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं. हकीमसाहेबांनी उभ्या केलेल्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ देशी वनस्पतींचं पृथक्करण करत होते. परंपरा आणि प्रयोगशाळा एका छताखाली नांदू शकतात, याचा तो नमुना होता.

पुढचा अध्याय मुंबईचा. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीर देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये पन्नास रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. देशातल्या अनेक वैद्यांना आणि डॉक्टरांना मुळीचा गुण ठाऊक होता. वकिलांनी त्याची मोजणी केली. किती रुग्ण, किती मात्रा, रक्तदाब किती उतरला, त्रास काय झाला, हे सगळं त्यांनी कुणालाही पडताळून पाहता येईल अशा रीतीने मांडलं. तो लेख वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवली. त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. रक्तदाब उतरायचाच, पण रुग्ण शांतही व्हायचे, आतली धास्ती कमी झाली असं सांगायचे. १९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसर्पीन वेगळं केलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन परिणाम प्रसिद्ध केले. त्याआधी वर्षभर अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी आपले अनुभव लिहिले होतेच. ट्रँक्विलायझर हा शब्द मनःशामक औषधासाठी रूढ झाला तोही रेसर्पीनपासून. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

चिंतेवर या औषधाची तुलनात्मक चाचणीही झाली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांचे दोन गट केले. एकाला रेसर्पीन, दुसऱ्याला औषध नसलेली दिखाऊ गोळी. १९५५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निष्कर्ष रेसर्पीनच्या बाजूने होता. पण त्याच सुमारास दुसरीकडून वेगळ्या बातम्या येऊ लागल्या. रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले, काहींच्या हालचाली मंदावल्या, नाक चोंदणं तर नेहमीचंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, रेसर्पीनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पीनमुळे निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजारावरच्या उपचाराची वाट तिथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. रेसर्पीनने खरोखर किती जणांना नैराश्य आलं, यावर पुढे बरीच उलटतपासणी झाली आणि सुरुवातीचा बोभाटा वाजवीपेक्षा मोठा होता, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण डॉक्टरांचा हात आखडला तो आखडलाच. त्याहून चांगली औषधं आली आणि चिंतेच्या उपचारातून रेसर्पीन मागे पडलं.

या इतिहासातली एक बारीक गोष्ट जवळून पाहा. सेन-बोस यांच्या काळी रुग्णाला एका वेळी दीड-दोन ग्रॅम चूर्ण दिलं जाई. पुढे रेसर्पीनची गोळी आली ती पाव मिलिग्रॅमची. मुळीत पन्नासहून अधिक अल्कलॉइडं आहेत आणि त्यांचं प्रमाण झाड कुठे वाढलं, कधी उपटलं, किती वाळवलं यानुसार बदलतं. म्हणजे एका पुडीत जेवढं औषध, तेवढंच दुसऱ्या पुडीत असेल याची खात्री नाही. पाव मिलिग्रॅमने रक्तदाब उतरवणारा पदार्थ जर चूर्णात कमीजास्त होत असेल, तर "झाडपाला आहे, अपाय काय होणार" हे वाक्य आपण कशाच्या जोरावर बोलतो? दुसऱ्या बाजूने हेही मान्य करायला हवं की, बिहारच्या बाजारातली ती पुडी नसती तर प्रयोगशाळेला कुठे शोधायचं हेच कळलं नसतं. परंपरेने बोट दाखवलं आणि चाचणीने गुण-दोष दोन्ही उजेडात आणले.

आता गोळ्यांकडे वळतो. त्यांचीही तितकीच झाडाझडती घ्यायला हवी.

रॉश कंपनीच्या लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेलं लिब्रियम १९६० मध्ये बाजारात आलं आणि व्हॅलियम १९६३ मध्ये. हा बेन्झोडायझेपीन औषधांचा कुटुंबकबिला. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही त्यातलीच. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम ही औषधं वाढवतात. अर्ध्या-एक तासात धडधड थांबते, झोप लागते. एवढा झटपट आराम मिळत असल्यामुळेच त्यांचा मोह पडतो. सुरुवातीला त्यांना निर्धोक मानलं गेलं. मग दिसू लागलं की काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते, तीच मात्रा पुरेनाशी होते आणि एकदम बंद केली तर चिंता दुपटीने उसळते. काहींना फिटसुद्धा येते. म्हाताऱ्या माणसांत तोल जाणं, पडणं, खुब्याचं हाड मोडणं या गोष्टी वाढतात. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्ये सांगितलं की, ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. आपल्याकडे अल्प्राझोलाम आणि डायझेपाम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षं ठेवावी लागते. नियम चांगला आहे. पण "नेहमीची अर्धी गोळी द्या हो" म्हणून वर्षानुवर्षं ती घेणारी माणसं तुमच्या-माझ्या घरांत आहेत, हेही खरं.

दुसरा गट सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांचा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन ही त्यातली नावं. चिंताविकारावर दीर्घ उपचार करायचे असतील तर आज बहुतेक डॉक्टर इथून सुरुवात करतात, कारण हजारो रुग्णांवर त्यांच्या चाचण्या झालेल्या आहेत. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि काही जणांची बेचैनी आधी वाढतेच. हे आधी सांगितलं नाही, तर रुग्ण पाचव्या दिवशी गोळी सोडतो आणि "मला सूट झाली नाही" म्हणतो. लैंगिक इच्छा कमी होणं हा त्रास पुष्कळांना होतो आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही. बेन्झोडायझेपीनसारखी तलफ या गोळ्यांची लागत नाही, पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, अंगातून झटके गेल्यासारखं वाटणं असा त्रास होतो. म्हणून उतरत्या मात्रेने बंद कराव्या लागतात. हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते मोजलं आणि छापलं. गोळ्यांच्या बाजूने मला एवढंच म्हणायचं आहे की त्यांचे दोष नोंदलेले आहेत.

वनौषधींच्या बाबतीत काय स्थिती आहे? सरसकट उत्तर नाही. एकेक घेऊ.

अश्वगंधेवर आपल्या देशात बरंच काम झालं आहे. निम्हान्सचे चित्तरंजन अंद्रादे आणि सहकाऱ्यांनी २००० साली निदान झालेल्या ३९ चिंताविकारग्रस्तांवर सहा आठवड्यांची चाचणी छापली. अश्वगंधेचा अर्क घेणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांना गुण आला. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ५० टक्क्यांना. हे दोन्ही आकडे एकत्र वाचा. पहिला अश्वगंधेच्या बाजूने आशा देतो. दुसरा सांगतो की काही न घेताही निम्म्या लोकांना बरं वाटतं, कारण चिंता हा चढउताराचा आजार आहे आणि कुणीतरी आपली आस्थेने विचारपूस करतंय यानेही तो उतरतो. म्हणून "मी घेतलं आणि मला फरक पडला" हा अनुभव खरा असला तरी तो पुरावा होत नाही. हे गोळीलाही लागू, मुळीलाही लागू.

त्यानंतर अश्वगंधेवर बऱ्याच चाचण्या झाल्या. बहुतेक साठ-सत्तर माणसांच्या, दोन-तीन महिन्यांच्या, पुष्कळदा अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्याच खर्चाने आणि रुग्णांपेक्षा ताणाखाली असलेल्या निरोगी माणसांवर. एकुणात कौल बरा आहे, पण कच्चा आहे. प्रत्येकीतला अर्क निराळा, म्हणून एकीचा निष्कर्ष दुसऱ्या बाटलीला लावता येत नाही. दुसरीकडे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि आपल्याकडूनही आल्या आहेत. संख्येने थोड्या, पण खऱ्या. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. मला ती बंदी टोकाची वाटते. तरी गरोदर बाईने आणि थायरॉइड वाढलेल्या माणसाने ती मनाने घेऊ नये, हे प्रत्येक बाटलीवर ठळक छापलेलं असायला हवं. परंपरेत वापर मुळांचा आहे. बाजारात मात्र स्वस्त पडतात म्हणून पानंही मिसळली जातात, आणि २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला पानं वापरू नका असं उत्पादकांना सांगावं लागलं.

ब्राह्मीच्या नावाखाली दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, बाकोपा आणि मंडूकपर्णी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणून मिळते ती मंडूकपर्णी. दोघींचे घटक वेगळे, चाचण्या वेगळ्या. जटामांसी हिमालयातली. तिची इतकी ओरबाड झाली आहे की ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सायटीस कराराने निर्बंध आहेत.

परदेशातल्या दोन उदाहरणांवरून तुलना कशी करायची ते शिकता येईल. फिजी, टोंगा, वानुआतू या प्रशांत महासागरातल्या बेटांवर कावा नावाच्या मुळीचं पाणी समारंभाने पितात. युरोपात तिच्या गोळ्या चिंतेवर खपू लागल्या आणि यकृत निकामी झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २००२ मध्ये जर्मनीने परवाने काढून घेतले. पुढे न्यायालयाने तो निर्णय फिरवला, वाद चालू राहिला. ऑस्ट्रेलियात जेरोम सॅरिस यांच्या गटाने १७१ रुग्णांना सोळा आठवडे कावा किंवा दिखाऊ गोळी दिली. २०२० मध्ये निष्कर्ष आला की सार्वत्रिक चिंताविकारावर कावा सरस ठरत नाही. विशेष म्हणजे वनौषधींविषयी आस्था असणाऱ्या संशोधकांनीच ही चाचणी केली आणि आपल्या आवडीविरुद्ध गेलेलं उत्तर जसंच्या तसं छापलं.

दुसरं उदाहरण लॅव्हेंडर तेलाच्या कॅप्सूलचं. ५३९ रुग्णांवरच्या चाचणीत दोन गटांना वेगवेगळ्या मात्रांत ही कॅप्सूल, एकाला पॅरॉक्सेटीन, एकाला दिखाऊ गोळी दिली गेली. २०१४ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत कॅप्सूल दिखाऊ गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. चाचणी उत्पादकाशी निगडित होती, हे लक्षात ठेवायचं. पण वनस्पतीचं औषध प्रस्थापित गोळीच्या शेजारी एकाच मैदानात उतरवता येतं, हे तिने दाखवलं. आणि हो, ती मोजून-मापून बनवलेली कॅप्सूल होती. अगरबत्तीला किंवा साबणाला तो निष्कर्ष लागू नाही. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी आणखी एक सूचना. तिकडे सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती सहज मिळते. ती यकृतातली विकरं वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचा असर कमी होतो. सेरोटोनिनच्या गोळ्यांबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकतं.

आता हा सगळा हिशेब एका माणसाच्या बाबतीत कसा उतरतो ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक शिक्षिका, चाळिशीच्या आसपास. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप नाही, वर्गात मुलांवर ओरडणं. परिचित डॉक्टरांकडे बसल्या होत्या, मीही तिथे होतो. "काय काय घेता?" तर "काही नाही." पुन्हा विचारल्यावर त्यांनी पर्स उघडली. नवऱ्याच्या नावावर आलेली अल्प्राझोलामची अर्धी संपलेली स्ट्रिप निघाली. ऑनलाइन मागवलेली अश्वगंधेची बाटली निघाली, तिच्यावर अन्नपूरकाचा परवाना, मुळं की पानं याचा उल्लेख नाही. मग एक कागदी पुडी, दुधातून घ्यायची, आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टरांनी त्यांना हात पुढे करायला सांगितले, बोटांवर कागद ठेवला, तो थरथरला. हात गरम आणि ओले होते. चिंतेत हात बहुधा गार पडतात. वजन पाच-सहा किलोंनी उतरलं होतं. रक्त तपासलं तर थायरॉइड भलतंच वाढलेलं. म्हणजे मूळ आजार थायरॉइडचा, गोळी त्याला झाकत होती आणि अश्वगंधा त्यात भर घालत असण्याची शक्यता होती. इथे मुळी हरली की गोळी? दोन्ही आपापल्या जागी निर्दोष होत्या. तपासणाऱ्याशिवाय, एकमेकींना न सांगता त्या एका शरीरात शिरल्या, हा घोटाळा होता. रक्तक्षय, हृदयाचे ठोके चुकणं, दम्याच्या औषधांची जादा मात्रा, दिवसभरातला अतोनात चहा, हे सगळे चिंतेचं सोंग घेऊन येतात. औषध कोणतं हा प्रश्न निदानानंतरचा.

कायद्यातही दोन मापं आहेत. नवी गोळी बाजारात आणायची तर माणसांवरच्या चाचण्यांचे टप्पे पार करावे लागतात. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळताना ग्रंथाचा आधार पुरतो. शतकांचा वापर हा काहीच पुरावा नाही असं मी म्हणणार नाही. पण शतकांच्या वापरात तीव्र विषबाधा लक्षात येते. हजारात एखाद्याचं यकृत महिन्याभराने सुजलं, तर ते मुळीपर्यंत कोण पोचवणार? आणि ग्रंथात सांगितलेलं चूर्ण, अनुपान, पथ्य एकीकडे आणि तोच अर्क दसपट तीव्र करून विकलेली कॅप्सूल दुसरीकडे. दुसरीला पहिलीचा वारसा सांगता येत नाही. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. प्रामाणिक वैद्याला यातून सर्वांत जास्त चीड यायला हवी, कारण यात त्याच्या शास्त्राची पत जाते.

या बाबतीत आपल्याला आदर्श बाहेरून आणावा लागत नाही. वकिलांच्याच केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं. आपल्यापैकी अनेकांना त्या 'फुलवा' आणि 'वृक्षगान'च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. झाडांवर जीव असलेली ही बाई औषधशास्त्राची प्राध्यापक होती. गुळवेलीवर प्रेम होतं म्हणून त्यांनी तिला सूट दिली नाही. काविळीत शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या रुग्णांमध्ये गुळवेलीचा उपयोग होतो का, हे त्यांनी आधुनिक पद्धतीने तपासलं. वनस्पतीचा आदर करायचा तो असा.

औषधांइतकंच आणखी एका उपचाराबद्दल बोललं पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून आवरणं. आयुर्वेदाच्या नावाने कॅप्सूल विकणारे हा तिसरा प्रकार सांगत नाहीत, कारण तो बाटलीत भरता येत नाही. आणि आधुनिक मानसशास्त्रातही विचार-वर्तन उपचार चिंताविकारावर औषधांच्या तोडीचे ठरले आहेत. त्यांचा गुण उपचार संपल्यावरही टिकतो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणून रुजवली, याला आता कित्येक वर्षं झाली. तरीही आपल्याकडे चिंताग्रस्त माणूस मेडिकलच्या काउंटरवर किंवा काष्ठौषधीच्या दुकानात पोचतो, समुपदेशकाकडे मात्र क्वचित. टेली मानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी-समुपदेशन सेवा २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर लिहून घ्या.

मग आपण करायचं काय? त्रास सौम्य असेल, निदान झालेलं असेल, यकृत-थायरॉइड ठीक असेल, गरोदरपण नसेल, दुसरी औषधं चालू नसतील आणि नोंदणीकृत वैद्य लक्ष ठेवून असतील, तर वनौषधी घेऊन पाहण्यात मला गैर दिसत नाही. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर थांबायचं. त्रासाने नोकरी, अभ्यास, घर अडत असेल, झटके वारंवार येत असतील, मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर वनौषधींवर वेळ घालवू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. चालू असलेली गोळी काढा पिऊन एकदम बंद करू नका. झोपेच्या गोळीवर वर्षं काढली असतील तर ती सोडवता येते, हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि अपाय झाला, मग तो मुळीचा असो वा गोळीचा, तर कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा १८००-१८०-३०२४ वर आहे. आयुष औषधांसाठीही २०१८ पासून स्वतंत्र यंत्रणा काम करते. न कळवलेला अपाय पुढच्या रुग्णाच्या वाट्याला पुन्हा येतो.

शेवटची मागणी ही माझी एकट्याची नाही, या व्यासपीठावरून आपण सर्वांनी करावी अशी आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आयुर्वेद महाविद्यालयं आहेत आणि चिंताग्रस्त रुग्णांच्या रांगा दोन्हीकडे आहेत. दोघांनी मिळून एक मोठी, सरकारी खर्चाची चाचणी उभी करावी. एका गटाला प्रमाणित अश्वगंधा, एकाला एस्सिटालोप्राम, एकाला समुपदेशन, आणि वर्षभर पाठपुरावा. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंदणी करावी आणि उत्तर काहीही आलं तरी ते मराठीत छापावं. गोळी जिंकली तर वैद्यांनी ते मान्य करावं, मुळी जिंकली तर डॉक्टरांनी ती लिहून द्यावी. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी १९४९ मध्ये पन्नास रुग्णांवर ते काम केलं, तेव्हा त्यांच्यापाशी आजच्या तुलनेत साधनं फार थोडी होती. आपल्यापाशी सगळं आहे. हे केलं नाही, तर मोजमाप नसलेल्या उपचारांवर आपल्याच माणसांचे पैसे आणि वर्षं जाऊ देण्याची जबाबदारी आपली असेल. ती घ्यायला आपण तयार नाही, असं आज इथून ठरवून जाऊ या.